श्रीशैलच्या देवाचं नाव

उमरीच्या बाजारात मल्लिकार्जुन शेठचं किराणा दुकान आहे, आणि दुकानाच्या वर एक खोली आहे. चांगली ऐसपैस, तीन खिडक्यांची, भर उन्हाळ्यात वारं खेळणारी. अशा खोलीत राहायचं भाग्य तीन वर्षांपासून सोयाबीनच्या पोत्यांना लाभलं होतं. भाव वाढला की विकू, असं शेठ म्हणायचे. भाव काही वाढला नाही, उंदीर वाढले.

त्या खोलीवर शेठच्या बायकोचा, शिवगंगाबाईंचा डोळा होता. सुनेचा, मंजुश्रीचाही. दोघींना तिथं पोरींसाठी अभ्यासिका काढायची होती. उमरीच्या पोरी तलाठ्याचा नाहीतर पोलीस भरतीचा अभ्यास करायला सकाळची गाडी धरून मुदखेडवरून नांदेडला जातात. तिथल्या अभ्यासिकेत ओढणी टाकून खुर्ची पकडतात, आणि संध्याकाळच्या गर्दीत उभ्यानं परत येताना निम्मा अभ्यास गाडीतच सांडून येतात. मंजुश्रीनं लग्नाआधी लातूरला हेच केलं होतं, त्यामुळं तिला त्यातलं सगळं दुःख पाठ होतं.

"अभ्यासिका?" शेठ भर दुकानात, गिऱ्हाईकांच्या पुढं म्हणाले. "दुसऱ्याला अभ्यासाला बसवायला आधी आपल्याला काई येतंय का? तुम्हा सासू-सुनेला उमरीच्या पुढचं ठेसन सांगता येईना."

"कोण्या अंगाचं?" शिवगंगाबाई म्हणाल्या. "मुदखेडच्या का धर्माबादच्या?"

दुकानातली माणसं हसली. शेठला ते हसणं लागलं. लागलं की माणूस मोठं बोलतो.

"असं? मग सतरा सप्टेंबरला ती सासू-सुनांची सामान्य ज्ञानाची स्पर्धा हाय ना, ती जिंकून दाखवा. दाखवली तर वरची पोती मी माझ्या पाठीवर खाली आणतो, आन् खोली तुमची."

"ऐकलं बरं का शेठ," हळद घ्यायला आलेल्या बुद्धप्रिया मॅडम म्हणाल्या. मॅडम शाळेत शिकवायच्या आणि स्पर्धाही त्याच भरवायच्या. त्यांनी ऐकलं म्हणजे उमरी तालुक्यानं ऐकलं. शेठनं हळदीची पुडी बांधता बांधता हो-हो केलं, पण पुडी दोनदा सुटली.

स्पर्धेला महिना होता. शिवगंगाबाईंचं शिक्षण सातवी. डोकं मात्र तल्लख. घरातला कुठला डबा किती भरलाय हे त्यांना झाकण न काढता कळायचं. मंजुश्रीनं तेच हेरलं. तिनं स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर एकेका देशाचं नाव चिकटवलं, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला त्याची राजधानी. तूरडाळीचा डबा जपान, झाकण काढलं की टोकियो. मूगडाळ केनिया, आत नैरोबी. मीठ ऑस्ट्रेलिया. साबुदाणा कॅनडा, कारण तिथं बर्फ पडतो.

पंधरा दिवसांत घरातली भाषाच बदलली.

"मंजू, जपान संपत आलंय बघ. आन् केनियाला किडे झालेत, उन्हात टाक."

"आई, ऑस्ट्रेलिया जरा जास्त पडलंय का भाजीत?"

मंजुश्रीचा नवरा वीरेश जेवताना दोघींच्या तोंडाकडं बघत राहायचा. एकदा त्यानं "थोडं पापुआ न्यू गिनी वाढ" म्हणून लोणचं मागितलं, तेव्हा शेठ ताटावरून उठले.

शेठ आधी हसत होते, मग हसायचे थांबले. स्पर्धेच्या दिवशी सकाळी त्यांनी दुकानातून आणलेली मूगडाळ मुद्दाम तुरीच्या डब्यात ओतली, तूर साबुदाण्यात ओतली, आणि काही न झाल्यासारखं कपाळाला भस्म लावून निघाले.

मंगल कार्यालयात तीनशे बाया आणि त्यांच्या मागं ओढत आणलेले शंभरेक पुरुष जमले होते. नाष्ट्याला चुरमुऱ्याचा सुशीला होता, मागून चहा येणार होता. पहिल्या रांगेत मधोमध शेठ, आणि त्यांच्या शेजारी त्यांच्या आई. चौऱ्याऐंशी वर्षांच्या ह्या बाईंना सगळं गाव अव्वा म्हणायचं. अव्वांना स्पर्धेशी देणंघेणं नव्हतं. त्या चहासाठी आल्या होत्या.

प्रश्न विचारायला लातूरहून सिद्धराम सरांना बोलावलं होतं. हे सर लातूरला क्लास चालवत आणि श्वास न घेता बोलत. मराठवाडा मुक्ती दिन म्हणून जाकीट घालून आले होते, आणि आल्या आल्या त्यांनी बझर तपासला तर तो जळाला. मग दोन्ही टेबलांवर एकेक स्टीलचं ताट आणि पळी ठेवली. ज्याला उत्तर आधी येईल त्यानं ताट वाजवायचं.

सकाळच्या लेखी परीक्षेत अडतीस जोड्या गळाल्या. मंचावर दोनच राहिल्या. एकीकडं शिवगंगाबाई आणि मंजुश्री. दुसरीकडं कस्तुराबाई आणि त्यांची सून शिवांगी. कस्तुराबाईंचं शेत गावाला लागून, तोंडही तसंच, कुणाच्याही घराला लागून. मागच्या दोन वर्षी त्याच जिंकल्या होत्या आणि बक्षिसाचे दोन कुकर घरात खोक्यासकट पडून होते.

"शिवगंगाबाई, हरलात तर रडू नका," त्या माइकवरूनच म्हणाल्या. "एक कुकर वापरायला देते."

"आमच्यात दुसऱ्याच्या घरी भांडं देताना मोकळं देत न्हाईत," शिवगंगाबाई म्हणाल्या. "तुमचा कुकर द्यायचाच असंल तर भात लावून द्या."

टाळ्या पडल्या. सरांनी घाईघाईनं भूगोलाची फेरी सुरू केली.

"कझाकस्तानची राजधानी?"

कस्तुराबाईंचं ताट आधी वाजलं. शिवांगी म्हणाली, "नूर-सुलतान."

"होती. आता परत अस्ताना झालीय."

"कवा बदलली?" कस्तुराबाई सरांवरच डाफरल्या. "आन् बदलायची होती तर मधी बदललीच कशाला?"

"आई, आपलं गाईड जुनं हाय," शिवांगी पुटपुटली.

"मग त्यांना म्हणावं जुन्या गाईडाला बी मार्क द्या, छापताना पैसे घेतलेत की."

पुढचा प्रश्न केनियाचा आला. शिवगंगाबाईंनी ताट वाजवलं, डोळे मिटले, आणि हवेतच हात वर करून न दिसणाऱ्या फळीवर चाचपायला लागल्या. एक डबा सरकवला, दुसरा सरकवला, तिसऱ्याचं झाकण काढलं. तीनशे बाया त्या झाकणाकडं टक लावून बघत होत्या. पहिल्या रांगेत शेठ मिशीला पीळ देत होते.

शिवगंगाबाईंनी डोळे मिटूनच कपाळाला आठ्या घातल्या. "थांबा सर. मूगडाळ आज टोकियोत हाय."

"काय?"

"पण ती वस्तीला आलेली. मूळची नैरोबीची. नैरोबी लिहा."

सरांनी बुद्धप्रिया मॅडमकडं बघितलं. मॅडम घड्याळ लावून वेळ मोजायला बसल्या होत्या. त्यांनी नुसती मान डोलावली. सरांनी मार्क दिला. शेठच्या मिशीचा पीळ सुटला.

इतिहासाच्या फेरीत सरांनी सोप्पा प्रश्न टाकला. "आपल्याला स्वातंत्र्य कधी मिळालं?"

ताट कस्तुराबाईंचं वाजलं. "कुणाला?"

"आपल्याला."

"तेच विचारते. पुण्या-मुंबईच्या लोकांना पंधरा ऑगस्ट सत्तेचाळीसला. आपल्याला सतरा सप्टेंबर अट्ठेचाळीसला. तवर हितं निजाम होता. आमच्याकडं स्वातंत्र्य तेरा महिन्यांनी आलं, पॅसेंजर गाडीनं."

सरांच्या कागदावर पंधरा ऑगस्ट होतं. पण समोर तीनशे बायांनी अशा टाळ्या वाजवल्या की कागद उडाला. सरांनी जाकिटाची बटणं लावली आणि मार्क दिला. आज हा कार्यक्रम कशासाठी आहे ते त्यांना बहुतेक तेव्हाच आठवलं.

संगीताची फेरी म्हणजे कहर. सर म्हणाले, "आता मी एक वाद्य ऐकवणार आहे. नीट कान देऊन ऐका आणि ओळखा." त्यांनी मोबाइलवर सनई लावली. सनई काही वाजली नाही. कार्यालयाचा मोठा स्पीकर आचारी शिवप्पाच्या फोनला जोडलेला होता आणि शिवप्पा मागं चहाच्या पातेल्याजवळ फोनवर आलेले निरोप ऐकत बसला होता. भोंग्यातून मंडपभर बाईचा आवाज घुमला. "अवो, सुशील्यात मीठ टाकायचं राहिलं म्हणता तर वरून शिंपडा थोडं. कुणाला कळत न्हाई. ह्या बाया बोलण्याच्या नादात काई बी खातेत."

तीनशे जणींनी आपापल्या ताटलीत बघितलं.

तेवढ्यात कस्तुराबाईंनी ताट वाजवलं. "शिवप्पाची बायको."

"काकू, वाद्य विचारलंय, वाद्य."

"मग हे काय वाजलं होतं?"

सर म्हणाले प्रश्न बाद. कस्तुराबाई म्हणाल्या, ओळखलं तर बरोबर, मार्क पाहिजे. मागं स्वयंपाकघरात शिवप्पाला काही बायांनी घेरलं होतं, तिथून वेगळाच आवाज येत होता. शेवटी सरांनी तोंडानंच सनई वाजवून दाखवली, आणि मंजुश्रीनं ती ओळखली. ते ओळखणं अवघड होतं, हे सगळ्यांनी कबूल केलं.

चालू घडामोडींत चांद्रयान-तीन चंद्राच्या कुठल्या ध्रुवाजवळ उतरलं ते मंजुश्रीनं सांगितलं, दक्षिण. शिवांगीनं दोन प्रश्न पटापट मारले. फळ्यावर बेरीज झाली. अकरा-अकरा.

मंडपात खुर्च्या पुढं सरकल्याचा आवाज झाला. बुद्धप्रिया मॅडम माइकवर आल्या.

"बरोबरी झाली. आता एकच प्रश्न, निकालाचा. चिठ्ठी टाकून शिवगंगाबाईंचा नंबर पहिला आलाय. ह्या प्रश्नाला फक्त सासूनं बोलायचं. सून बोलली तर जोडी बाद. मागच्या वर्षी सगळी उत्तरं सुनांनी दिली आणि सासवा फोटोपुरत्या बसल्या, म्हणून हा नियम. वेळ तीस सेकंद. उत्तर आलं नाही तर प्रश्न कस्तुराबाईंकडं जाणार. आणि प्रेक्षकांतून कुणी उत्तर सांगितलं तर प्रश्न रद्द, आणि सांगणाऱ्याला चहा नाही."

शिवगंगाबाईंनी पदर खोचला. वरची खोली त्यांना अगदी समोर दिसायला लागली. भिंतीला पांढरा चुना, खिडकीशी टेबल, टेबलावर मान खाली घातलेल्या पोरी. फक्त एक प्रश्न मधी.

सरांनी पाकीट फाडलं. "आंध्र प्रदेशात, नल्लमला डोंगरात, कृष्णा नदीच्या काठी श्रीशैल हे तीर्थक्षेत्र आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक तिथं आहे. त्या ज्योतिर्लिंगाचं नाव काय?"

मंजुश्रीनं आनंदानं टाळी वाजवायला हात उचलले आणि ते तसेच हवेत राहिले.

मंडपात आधी "आऽऽ" असा सुस्कारा झाला. मग एका कोपऱ्यात खिक झालं. 

लिंगायताच्या घरातल्या बाईला हा प्रश्न विचारणं म्हणजे कुंभाराला मडकं दाखवून हे काय असतं विचारण्यासारखं. शिवगंगाबाई अकरा वेळा श्रीशैलला जाऊन आल्या होत्या. पण ज्योतिर्लिंग मल्लिकार्जुन, आणि नवराही मल्लिकार्जुन. आणि शिवगंगाबाईंनी एक्केचाळीस वर्षांत नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. लग्नातल्या उखाण्यातसुद्धा त्यांनी "शेठजींचं नाव घेते" म्हणून वेळ मारून नेली होती. एकदाच, रेशनच्या रांगेत, कार्ड तपासणाऱ्या बाबूनं फार खोदून विचारलं म्हणून त्यांनी हळू आवाजात नाव सांगितलं. त्याच संध्याकाळी शेठच्या पायावर गुळाची ढेप पडून अंगठा मोडला. तेव्हापासून तर देवापुढंही त्या हात जोडून म्हणायच्या, "पर्वतावरचे मालक, नाव तेवढं मागू नका, बाकी सगळं घ्या."

"पाच सेकंद झाले," बुद्धप्रिया मॅडम म्हणाल्या. त्यांचाही चेहरा पडला होता.

"काकू, सोप्पा प्रश्न आहे," सर म्हणाले. ते लातूरचे. त्यांना शेठ कोण, काय, काही माहीत नव्हतं. "तुम्हाला तर यायलाच पाहिजे."

"येतंय की."

"मग सांगा."

"घेता येत न्हाई."

"काय घेता येत नाही?"

"नाव."

सरांनी कागद उलटसुलट केला. "घ्यायचं नाहीये काकू, फक्त सांगायचंय."

खाली मंडपात तीनशे बायांना उत्तर माहीत होतं आणि एकीलाही बोलता येत नव्हतं. चहा जाणार होता, खोली जाणार होती. कुणी पदर तोंडात कोंबला, कुणी शेजारणीचा दंड आवळला. मागून कुणीतरी ओरडलं, "उखाण्यात घ्या, उखाण्यात."

"उखाणा नको," सर घाबरून म्हणाले. "नेमकं उत्तर द्या. दहा सेकंद."

शेठ खुर्चीत मागं रेलून बसले होते. ही बायको आपलं नाव घेत नाही, ही गोष्ट त्यांनी लातूर-उदगीरच्या पाहुण्यांत किती वेळा छाती फुगवून सांगितली होती. आज त्या गोष्टीनं त्यांची पोती जागच्या जागी ठेवली होती. त्यांनी खिशातून बडीशेप काढली.

मंजुश्री बोलू शकत नव्हती. तिनं सासूकडं बघितलं, मग पहिल्या रांगेकडं बघितलं, मग परत सासूकडं. एवढंच केलं. सुनांना तेवढं पुरतं.

शिवगंगाबाई उभ्या राहिल्या. त्यांनी हात सरळ केला आणि बोट रोखलं. सरळ शेठच्या पोटावर.

"हे."

"हे म्हणजे?"

"ह्यांचं जे, ते देवाचं. देवाचं जे, ते ह्यांचं."

ठण्ण. बुद्धप्रिया मॅडमनी ताट वाजवलं. "सव्वीस सेकंद. उत्तर वेळेत."

"कसलं उत्तर?" कस्तुराबाई उठल्याच. "बोट दाखवणं म्हंजे उत्तर का? मग मी बी त्या पंख्याकडं बोट दाखवते, मला बी मार्क द्या. प्रश्न माझ्याकडं पाठवा. मी कुणाचं बी नाव घेते, मला काई दिक्कत न्हाई."

सरांनी नियमांचा कागद काढला आणि मोठ्यानं वाचला. "उत्तर स्पर्धकानेच द्यावे. उत्तर स्पष्ट आणि निःसंदिग्ध असावे."

"ह्यापेक्षा स्पष्ट काय असतंय?" मंजुश्री म्हणाली. प्रश्न संपला होता, आता ती बोलू शकत होती. "ब्याण्णव किलोचं उत्तर हाय सर."

सर माइक घेऊन खाली उतरले आणि शेठसमोर उभे राहिले. "नमस्कार. तुमचं नाव सांगता का?"

शेठनं बडीशेप चावली. "शेठ."

"पूर्ण नाव."

"किराणा शेठ."

"आधार कार्डावर काय आहे?"

"फोटो हाय."

मंडप हसून हसून वाकला. सरांनी घाम पुसला. त्यांच्या बावीस वर्षांच्या कारकिर्दीत स्वतःच्या नावावर अडकलेला विद्यार्थी त्यांनी पहिल्यांदा बघितला. "काका, कृपा करून सहकार्य करा. तुमच्या नावावर निकाल आहे."

"म्हणूनच तर विचार करून राहिलो," शेठ म्हणाले. "माणसानं उगं घाईत काई बी सांगू नये."

"सांगत नसतील तर उत्तर बाद धरा," कस्तुराबाई वरून म्हणाल्या. "तीस सेकंद त्यांना बी लावा."

शिवगंगाबाईंचा रोखलेला हात अजून तसाच होता. तो अवघडला होता, पण खाली येत नव्हता.

अव्वांना ह्या सगळ्यातलं एकच कळत होतं. आपल्या लेकाला एक मोठा माणूस चांगल्या शब्दात काहीतरी विचारतोय, लेक तोंडात बडीशेप धरून बसलाय, आणि हे आटपल्याशिवाय चहा येत नाही. त्यांनी हातातली काठी शेठच्या खुर्चीवर आपटली.

"मल्लिकार्जुना, ते गुरुजी काय विचारून राहिलेत, सांग की रे मेल्या."

 मग मंडप असा उसळला की स्पीकर आपोआप बंद पडला.

"रद्द, रद्द," कस्तुराबाई ताट वाजवत म्हणाल्या. "प्रेक्षकांतून उत्तर आलं. नियम हाय. प्रश्न रद्द करा आन् अव्वांचा चहा बंद करा."

सरांना नियम पटत होता आणि अव्वांची भीती वाटत होती. ते खाली वाकले. "आजी, तुम्ही उत्तर का सांगितलं?"

"कसलं उत्तर?" अव्वा म्हणाल्या. "मी माझ्या लेकराला हाक मारली. माझ्या लेकराला हाक मारायला लातूरची परवानगी लागते का?"

सरांनी बुद्धप्रिया मॅडमकडं बघितलं. मॅडम उठून उभ्या राहिल्या. त्या शाळेत रोज चाळीस पोरांची भांडणं सोडवत, त्यांना निवाडा करायला वेळ लागत नसे. "आजींनी हाक मारली असेल तर ते उत्तर नाही. पण ती हाक कुणाला मारली ते ठरलं पाहिजे. शेठ, ह्या तुमच्या आई का?"

आता सगळी उमरी शेठकडं बघायला लागली. ह्या बाईला मी ओळखत नाही, एवढं म्हटलं की खोली वाचत होती. पोती वाचत होती. शेठनी वर पंख्याकडं बघितलं. पंखा फिरत होता, मदत करत नव्हता.

"पंख्याकडं काय बघतो," अव्वा म्हणाल्या. "नऊ महिने मी वागवलाय तुला, पंख्यानं न्हाई."

शेठ उठले. एवढ्या माणसांत आपण फार मोठे आणि फार उघडे आहोत असं त्यांना वाटायला लागलं. त्यांनी समोर बघितलं. मंचावर बायकोचा हात अजून त्यांच्याकडंच होता. एक्केचाळीस वर्षांत एवढ्या लोकांत तिनं त्यांच्याकडं पहिल्यांदाच बोट दाखवलं होतं, आणि त्या बोटात राग नव्हता. नुसतं काम होतं.

"हाव," ते म्हणाले. "माय हाय माझी."

"आणि नाव?" सरांनी माइक पुढं केला.

"तिनं घेतलं तेच. मी कशाला परत घेऊ?"

"बारा-अकरा," बुद्धप्रिया मॅडम म्हणाल्या, आणि शिवगंगाबाईंनी हात खाली घेतला. मंजुश्रीनं त्यांना घट्ट मिठी मारली, मग कस्तुराबाईंनीही मारली, पण कानात म्हणाल्या, "पुढच्या वर्षी प्रश्न मी आधी वाचून घेणार हाय." चहा आला. अव्वांनी दोन कप घेतले. सुशील्यावर कुणीतरी घरून मीठ आणून शिंपडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी शेठ वरच्या खोलीत गेले. पाठीवर खाली आणतो असं बोलून गेले होते, आणि ते बघायला बाजारातली निम्मी माणसं दूध, दळण, पेपर असली निमित्तं काढून दुकानापुढं जमली. पहिलं पोतं शेठनी खरंच पाठीवर घेतलं. चौथ्या पायरीवर पोतं फाटलं आणि सगळा जिना सोयाबीननं भरला. त्यावरून शेठ बसूनच खाली आले. मग वीरेशनं आणि चार हमालांनी बाकीची पोती उतरवली. उंदीर आपले आपण उतरले.

चुना झाला. टेबलं आली. रंगारी बोर्ड घेऊन शिडीवर चढला आणि विचारलं, "नाव काय लिहू?"

"माझी खोली हाय," शेठ कंबर धरून म्हणाले. "माझंच नाव लिहा. मोठ्या अक्षरात."

"लिहा की," शिवगंगाबाई म्हणाल्या. "पण गावात कुणी पोरीनं विचारलं की अभ्यासिका कोणती, तर मी काय सांगू? बाजारभर तुमच्याकडं बोट दाखवत हिंडू का?"

शेठनी बराच विचार केला. रंगाऱ्यानं तेवढ्यात शिडीवर बसून एक विडी ओढली. शेवटी बोर्डावर फक्त 'अभ्यासिका' लिहिलं आणि खाली जिन्याकडं जाणारा बाण काढला.

पहिल्याच आठवड्यात एकोणीस पोरी आल्या. दुसऱ्या आठवड्यात त्यातल्या एकीनं, ऋतुजानं, खाली येऊन तक्रार केली. दुकानात फार आवाज होतो, गिऱ्हाईक ओरडून माल मागतं, वर घटनेची कलमं लक्षात राहत नाहीत. मंजुश्रीनं एक पाटी लिहिली आणि सासऱ्याच्या गल्ल्यामागं, त्यांच्या डोक्याच्या बरोबर वर लावली. 'शांतता राखा.'

आता त्या दुकानात कुणी बोलत नाही. गिऱ्हाईक येतं, पोत्याकडं बोट दाखवतं, मग बोटांनीच किती ते सांगतं. शेठ मान हलवून माल मोजतात. सुरुवातीला त्यांनी साखर मागितली तर रवा दिला, खोबरं मागितलं तर साबण दिला. पण आता त्यांना बोटांचं चांगलं कळायला लागलंय. मंगळवारी कस्तुराबाई आल्या, हात कमरेवर ठेवून त्यांनी नुसत्या भुवया वर केल्या, आणि शेठनी न विचारता अर्धा किलो शेंगदाणे बांधले. बरोबर तेच पाहिजे होते.